मागे उरलेला हात

गोधडीत खोट काहीच नव्हती. नाशिकच्या एका बाईंनी ती परत पाठवली होती, ती फक्त पडद्यांच्या रंगाशी जुळत नाही म्हणून. परत आलेला माल पुन्हा विक्रीला ठेवण्याआधी तपासायचा, असा सहहाट या सहकारी बाजाराचा नियम होता. पल्लवी हत्तरकीने गोधडीच्या कडेवरून ओला बोळा फिरवला, तो स्पर्शवाचकात ठेवला आणि थर्मासमधला चहा कपात ओतला.

यंत्राचा लाल दिवा लागला. पडद्यावर अक्षरं उमटली : 'नमुन्यात तपासनिसाचा स्पर्श मिसळला आहे. पुन्हा घ्या.'

पल्लवीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. हातमोजे होते. तिने ते बदलले आणि दुसऱ्या कोपऱ्याचा नमुना घेतला. पुन्हा तेच. मग तिने शेजारच्या टेबलावरच्या सलमाला हाक मारली. "एवढा नमुना तू घेतेस? मी लांब उभी राहते."

सलमाने नमुना घेतला. या वेळी यंत्राने जरा जास्त वेळ घेतला आणि वाक्य बदललं : 'तपासनिसाचा स्पर्श नाही. तपासनिसाच्या घरातील व्यक्ती.'

"तुझ्या आईनं शिवली काय गं?" सलमा हसत म्हणाली.

पल्लवी हसली नाही. घरात आव्वाशिवाय कुणी नव्हतं आणि आव्वाने डोळे अधू झाल्यापासून सुई हातात धरली नव्हती. पल्लवीखेरीज त्या घरात वाढलेलं माणूस एकच होतं. मनाविरुद्ध लग्न करून निघून गेलेल्या त्या माणसाचं नाव घरात घ्यायचं नाही, असं अप्पांनी बजावलं होतं. अप्पा गेले, तरी ते नाव जिभेवर यायला घाबरत होतं.

गिरिजा. पल्लवीची अक्का.

*

गडहिंग्लजच्या जुन्या बाजार समितीच्या गोदामात सहहाट सुरू झाला, तेव्हा गावातली निम्मी दुकानं बंद पडली होती. सगळा देश एकाच कंपनीकडून माल मागवत होता. लोक तिचं नावही घेत नसत, नुसतं 'तिकडून मागव' म्हणत. तिकडे सगळं मिळायचं आणि सकाळी मागवलेलं संध्याकाळी दारात यायचं. 'हातमाग', 'हस्तकला', 'महिला गटाचे उत्पादन' अशी लेबलंही तिकडे भरपूर होती. ती खरी की खोटी, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. शाळेतून निवृत्त झालेल्या तारळेकर सरांनी नेमकं तेच हेरलं. "आपण एकच गोष्ट विकायची," ते पहिल्या सभेत म्हणाले होते, "खात्री."

खात्री द्यायला स्पर्शवाचक होता. माणसाच्या हातावर डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंची अख्खी वस्ती असते, आणि कुठल्याही दोन माणसांची वस्ती सारखी नसते. आपण ज्या वस्तूवर हात ठेवतो, तिच्यावर त्या वस्तीतले काही रहिवासी मागे राहतात. गोधडीसारखी वस्तू कुणी महिनाभर मांडीवर घेऊन शिवली, तर तिच्या टाक्याटाक्यात त्या बाईचा हात मुरतो. यंत्र त्या जिवाणूंची जनुकं वाचून एक ठसा काढायचं आणि नोंदलेल्या ठशाशी ताडून पाहायचं. वस्तू खरोखर त्याच बाईने केली असेल, तरच ती विक्रीला जायची. बायकांची नावं कुणालाच कळत नसत, पल्लवीलाही नाही. पडद्यावर फक्त खूण यायची. कुणाच्या हातावर कुणी पाळत ठेवू नये, ही सरांची अट होती.

आणखी एक गोष्ट या शास्त्राला ठाऊक होती. एका छपराखाली वाढलेल्या माणसांच्या हातांवर काही रहिवासी समाईक असतात. आईकडून आलेले, एकाच अंथरुणातून, एकाच ताटातून आलेले. माणूस घर सोडतो, पण त्यातले काही त्याला सोडत नाहीत. तपासनिसाचा स्वतःचा ठसा नमुन्यातून वजा करता यावा म्हणून पल्लवीचा हात यंत्रात नोंदलेला होता. नवा माल गोदामाच्या दुसऱ्या टोकाला आपोआप तपासला जायचा. तिथे तिच्या ठशाचा संबंधच नव्हता. गोधड्या परतही क्वचितच यायच्या. म्हणून इतके दिवस हे समोर आलं नव्हतं.

गोधडीची खूण आजऱ्यापलीकडच्या कुसुरवाडीच्या गटाची होती.

अक्का जिवंत आहे. पल्लवीच्या मनात एवढं एकच वाक्य फिरत राहिलं. अक्का जिवंत आहे, गाडीने गेलं तर दुपारपर्यंत पोचता येईल इतकी जवळ आहे, आणि गोधड्या शिवते आहे.

तिने गोधडीची घडी केली, स्वतःच्या नावावर विकत घेतली आणि पिशवीत घालून घरी नेली.

*

आव्वाला तिने काहीच सांगितलं नाही. आधी स्वतःची खात्री करून घ्यायची, मग बोलायचं, असं तिने ठरवलं होतं. "थंडी वाढलीय, म्हणून आणली," एवढंच ती म्हणाली.

आव्वाने गोधडी मांडीवर घेतली. कपाळावरची विभूती सुरकुत्यांमध्ये उतरली होती. तिने गोधडीवरून तळवा फिरवला, ती गुंडाळून घेतली आणि खुर्चीत रेलली. पल्लवी आत भाकरीचं पीठ मळायला गेली. थोड्या वेळाने बाहेरून हाक आली. आवाज असा होता की पल्लवी पिठाच्या हातानेच धावली.

आव्वा ताठ बसली होती. गोधडीचं टोक तिने नाकाशी धरलं होतं.

"कुणाची आहे ही?"

"आमच्या हाटातली. का गं?"

"खोटं बोलू नकोस माझ्याशी." आव्वाने गोधडी आणखी जवळ ओढली. "माझ्या थोरलीचा वास येतोय हिला. न्हाणं झाल्यावर उन्हात बसायची, तेव्हा तिच्या मानेला यायचा, तसा. मी तिची आई आहे पल्लू. मला फसवतीस?"

आव्वाला भास होत नव्हता, हे पल्लवीइतकं कुणाला ठाऊक असणार? माणसाचा वास म्हणजे तरी काय, अंगावरच्या त्याच वस्तीने घामातून तयार केलेला. आव्वाच्या अंगाची ऊब लागली आणि गोधडीतले जिवाणू जागे झाले. जे यंत्राने आकड्यांत सांगितलं, ते आव्वाला नाकाने कळलं होतं.

"मी शोधते आव्वा," ती म्हणाली. "मला थोडे दिवस दे."

त्या दिवसापासून आव्वाने ती गोधडी सोडली नाही. दुपारी ती पांघरून बसायची आणि हळू आवाजात काहीतरी बोलत राहायची. पल्लवी खोलीत आली की गप्प व्हायची.

*

कुसुरवाडीला जाण्याआधी पल्लवीने गोदामातल्या जुन्या नोंदी काढल्या. नाव कळणार नव्हतं, पण या हाताने आणखी काय काय शिवलंय, ते पाहता येत होतं. तिला वाटलं होतं, चार-दोन गोधड्या असतील.

पडदा भरून गेला. खूण एकच, गोधड्या शेकडो. जळगाव, परभणी, डोंबिवली, चिपळूण. राज्यभर कुणाच्या ना कुणाच्या अंगावर अक्काचा हात होता. सहहाटच्या लहान बाळांच्या गोधड्या विशेष खपायच्या. त्यातल्याही बहुतेक तिच्याच.

एक बाई इतकं शिवूच शकत नाही. पल्लवीने सगळे ठसे एकावर एक ठेवून पाहिले.

जिवंत माणसाचा हात कधी स्थिर नसतो. उन्हाळ्यात घाम येतो, पावसाळ्यात हात चिखलात जातात, ताप येतो, औषधं होतात, साबण बदलतो, वय वाढतं. वस्तीतले काही रहिवासी मरतात, काही नवे येतात. ठसा ओळखू येतो, पण दर महिन्याला किंचित सरकलेला असतो. या हाताचा ठसा सरकलाच नव्हता. उन्हाळा, पावसाळा, दिवाळी, पुन्हा उन्हाळा. भिंतीवर टांगलेल्या फोटोसारखा तो होता तसाच होता. आणि दरवेळी यंत्राने त्याला पैकीच्या पैकी गुण दिले होते. नोंदीशी जितका तंतोतंत जुळेल तितका चांगला, हा निकष पल्लवीनेच यंत्राला घालून दिला होता.

तिने पडदा बंद केला. मग सलमाला म्हणाली, "मी उद्या कुसुरवाडीला जाऊन येते."

*

गटाच्या प्रमुख मालन शिंत्रे ठेंगण्या, रुंद हाडाच्या बाई होत्या. सहहाटची मॅडम न कळवता आलेली पाहून त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी पाणी दिलं, चटई अंथरली.

"मालनताई, मला ती बाई बघायचीय," पल्लवी म्हणाली आणि तिने खुणेचा क्रमांक सांगितला.

मालनताईंनी क्रमांक ऐकला आणि त्या दाराबाहेर काजूच्या झाडांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कधीतरी कुणीतरी येणार, हे ठाऊक होतं मला. चला."

घरामागे पत्र्याची शेड होती. एका बाजूला कारखान्यातून आलेल्या गोधड्यांचे गठ्ठे, अजून प्लास्टिकमध्ये. दुसऱ्या बाजूला स्टीलची एक टाकी, उबदार ठेवलेली, मंद घुमणारी. टाकीशेजारी द्राक्षबागेत वापरतात तसला फवारणीचा पंप. शेडमध्ये पाय टाकताच पल्लवीला तो वास आला. ओल्या केसांचा, उन्हाचा, लहानपणी एकाच पांघरुणात झोपताना नाकाशी असलेला. तिने दाराची चौकट धरली.

"गिरिजा म्हणून बाई होती," मालनताई सांगू लागल्या. "नवरा गोव्याला कामाला गेला तो आलाच नाही. आमच्याकडं आली तेव्हा अंगावरच्या लुगड्याशिवाय काही नव्हतं. विचारलं तर म्हणायची, माझं कुणी नाही. शिवायला बसली की उठायची नाही. मग एका पावसाळ्यात ताप आला. उंदरांचा म्हणतात, तसला. दवाखान्यात नेईपर्यंत वेळ गेली. चार वर्षं होतील."

पल्लवीने टाकीकडे बोट दाखवलं. "आणि हे?"

मालनताईंचा स्वर चढला. "हे तुमच्यामुळं, मॅडम. आमच्या बायका भात लावायला जायच्या, हात चिखलात. तुमचं यंत्र म्हणायचं, ही ती बाई नव्हं. कुणाला गोळ्या चालू झाल्या, गोधडी नापास. महिनाभर शिवलेली नापास! वरनं तुमच्या लोकांना दोन दिवसांत दारात पाहिजे. तिकडं मिळतं तसं. हातानं शिवलेलं पाहिजे आणि दोन दिवसांत पाहिजे, ते कसं व्हायचं? कोल्हापूरचा एक लॅबवाला आला. म्हणाला, एकीचा हात द्या, मी वाढवून देतो. मग माल कुठलाही घ्या, फवारा आणि पाठवा. सगळ्यांचे नमुने घेतले. टाकीत तग धरला तो हिच्याच हातानं. तेव्हा ती होती. गेल्यावर..." त्या थांबल्या. "गेल्यावर बंद करायला पाहिजे होतं. पण त्याच्यावर गावातल्या घरांच्या चुली पेटत होत्या."

"ती माझी बहीण होती," पल्लवी म्हणाली.

मालनताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. कपाळाकडे, हनुवटीकडे. मग त्या तिथल्याच एका गठ्ठ्यावर बसल्या.

"म्हणायची, आमच्यात जाळत नाहीत, मला मातीत ठेवा," त्या अगदी हळू म्हणाल्या. "माझ्या काजूच्या बागेत ठेवलीय तिला. बसवूनच ठेवली. तिनं सांगितलं होतं तशी."

*

"दिवाळी होऊ दे," तारळेकर सर म्हणाले. त्यांच्या टेबलावर सणाच्या मागण्यांचा ढीग होता. "कुसुरवाडीचा माल गुपचूप बंद करू. टाकी नष्ट करू. पण आत्ता जाहीर केलंस, तर सहहाट उरणार नाही. लोक तिकडे गेले की परत येत नाहीत पल्लवी. इथे असलेल्या प्रामाणिक गटांचं काय करशील?"

"सर, आपण काय विकतो?"

सर मागण्यांचा ढीग सारखा करू लागले.

"गोधडी तिकडेही मिळते. तीच मिळते, त्याच कारखान्यातली. आपण तिच्यावर मेलेल्या बाईचा हात लावून विकतोय."

"तुझी बहीण होती, म्हणून तुला हे इतकं लागतंय. साहजिक आहे."

"उलट आहे सर." पल्लवीने दोन्ही हात टेबलावर टेकले. "माझी बहीण होती, म्हणूनच तर गप्प बसावंसं वाटतंय. ही टाकी बंद झाली की अक्काचं जिवंत असं काहीही उरत नाही. आव्वा रोज त्या गोधडीशी बोलते. मला काय हौस आहे?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खिडकीतून टेम्पोत खोकी चढवल्याचे आवाज येत होते. मग त्यांनी कोरा कागद ओढला.

निवेदन सरांनी स्वतःच लिहिलं. लपवाछपवी न करता. आमच्या खात्रीची परीक्षा चुकीची होती, कुसुरवाडीच्या सगळ्या गोधड्या परत द्या किंवा उकळत्या पाण्यात धुऊन वापरा, जंतूंचं भय नाही पण त्यांवरचा हात खोटा आहे, आम्ही फसलो आणि तुम्हाला फसवलं. पुढची गोधडी हवी असेल तर थांबावं लागेल. शिवणारीला जितके दिवस लागतील तितके. यंत्राच्या आकड्यावर विसंबण्याऐवजी आमचं माणूस त्या अंगणात जाऊन येईल.

व्हायचं तेच झालं. कंपनीच्या माणसांनी ते निवेदन राज्यभर फिरवलं. गोदामाचा निम्मा भाग बंद करावा लागला, सलमाची नोकरी अर्ध्या दिवसाची झाली. दिवाळीचे आकाशकंदील तसेच पडून राहिले. काही गिऱ्हाइकं मात्र टिकली. त्यांची पत्रं येत राहिली : घाई नाही, शिवून झाल्यावर पाठवा. तेवढ्यांच्या बळावर सहहाट तग धरणार की नाही, हे सरांनाही सांगता येत नव्हतं.

*

निवेदन बाहेर पडण्याच्या आदल्या दिवशी पल्लवीने आव्वाला सगळं सांगितलं होतं. टाकीसकट. तिला वाटलं होतं, आव्वा आक्रोश करील. आव्वाने फक्त विचारलं, "कुठं ठेवलंय तिला?"

निवेदन निघाल्यावर दोघी कुसुरवाडीला गेल्या. मालनताई बागेच्या तोंडाशी उभ्या होत्या. "मॅडम, टाकी कालच उकळून ओतून टाकली," त्यांनी आल्या आल्या सांगितलं. पल्लवीने मान हलवली. ते तिनेच करायला सांगितलं होतं, तरी ती आधी शेडकडे वळली. शेड उघडी होती. आत आता फक्त फिनेलचा वास होता.

काजूच्या झाडाखाली दगडांचा छोटा चौथरा होता. आव्वाने पिशवीतून बिल्वपत्र काढलं, विभूती काढली. तिने दगडावर तीन बोटं ओढली आणि तळवा तिथेच ठेवला. मालनताई लांब उभ्या होत्या.

"इकडं या," आव्वा म्हणाली. त्या आल्या. आव्वाने त्यांना जवळ बसवलं. "जेवायची का नीट?"

मालनताईंना हुंदका आवरेना. "जोंधळ्याची भाकरी मागायची. आमच्याकडं नाचणी. नाक मुरडून खायची, पण खायची."

"लहानपणापासून तसलीच." आव्वा थांबली. "माझ्याबद्दल काही बोलायची?"

मालनताई खोटं बोलू शकल्या असत्या. पल्लवीला क्षणभर वाटलंही की बोलावं. "नाही," मालनताई म्हणाल्या. "पण शिवताना गाणं म्हणायची, कानडी. कुणी शिकवलं विचारलं तर उठून जायची."

मालनताई घरातून एक विटकी गोधडी घेऊन आल्या. गिरिजाने स्वतःच्या हाताने शिवलेली, विकायला कधी न दिलेली. मालनताई ती इतकी वर्षं पांघरत होत्या, धूत होत्या. आव्वाने ती नाकाशी नेली. बराच वेळ धरली. मग खाली ठेवली.

"हिला काहीच वास नाही गं."

पल्लवीने गोधडी हातात घेतली. स्पर्शवाचकात घातली असती, तर या गोधडीवर मालनताईंचा हात निघाला असता आणि ही नापास झाली असती.

"घेऊन जावा," मालनताई म्हणाल्या.

"नको. तुमच्या अंगावर राहू दे." आव्वा गुडघ्यावर हात टेकून उठली. "तुम्ही मातीत ठेवलंत तिला. ती तुमच्या घरची होती."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवी कामाला निघाली, तेव्हा आव्वा न्हाणीघराच्या दाराशी उभी होती. हातात नाशिकहून परत आलेली ती गोधडी.

"पाणी तापव," आव्वा म्हणाली. "उकळतं."

"आव्वा, राहू दे ही. कुणाला कळतंय?"

"लोकांच्या दारात जाऊन सांगितलंस ना, परत द्या, नाहीतर धुवा म्हणून? मग आपल्याच घरात कशी ठेवायची?" आव्वाचा आवाज स्थिर होता. हात मात्र गोधडी सोडत नव्हते. पल्लवीने एकेक बोट हलकेच सोडवलं.

तिने बादलीत उकळतं पाणी ओतलं आणि गोधडी आत दाबली. क्षणभर काहीच झालं नाही. मग ऊन कापडातून वाफ उसळली आणि तिच्याबरोबर तो वास, इतका दाट, इतका जवळचा की न्हाणीघरात तिसरं माणूस आल्यासारखं झालं. आव्वाने डोळे मिटले. "गिरिजा," ती म्हणाली. अप्पांनी बजावल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने.

वाफ छपराला लागली, पातळ झाली, खिडकीतून बाहेर गेली. दोघी तिथेच उभ्या होत्या. मग नुसता ओल्या सुताचा वास उरला, आणि पल्लवीने बादली तिरकी करून पाणी ओतायला सुरुवात केली.